लिथियम बाळांची नोंदवही

लिथियम घेणाऱ्या बाईला हात थरथरणं, सारखी तहान, वरचेवर रक्ततपासणी हे सगळं अंगवळणी पडतं. दिवस राहिले की मात्र एकच प्रश्न: बाळाचं काय?

ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये हे औषध उन्मादावर वापरलं. १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये ‘लिथियम बाळां’ची नोंदवही सुरू झाली. डॉक्टर आपणहून माहिती कळवायचे. त्यात एब्स्टाइन नावाचा हृदयाचा दुर्मिळ दोष फारच जास्त दिसला आणि भीती बसली.

मी ॲप्स बनवते, त्यामुळे हा घोळ ओळखीचा वाटला. ॲप नीट चाललं तर रिव्ह्यू कोण लिहितं? तशीच धडधाकट बाळं नोंदवहीत कमी पोचली.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या १३ लाखांहून जास्त गर्भारपणांचा अभ्यास आला. हृदयदोष असलेली बाळं: लिथियम न घेतलेल्यांत शंभरात साधारण १.२, पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्यांत २.४. म्हणजे धोका खरा, डोसबरोबर वाढणारा. पण नोंदवहीवरून वाटला त्याहून खूप कमी.

औषध एकदम सोडल्यावर आजार पुन्हा उसळण्याचा धोकाही तितकाच खरा. म्हणून घाबरून गोळी बंद करू नका. दोन्ही धोके समोर ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.