त्यांना विचारलं कुणी?

पाळी गेली की आमच्या झरीच्या बायका ‘सुटले एकदाची’ म्हणतात आणि कामाला लागतात. अंगातून निघणाऱ्या वाफा, मोडलेली झोप, उगाच भरून येणारे डोळे, यांची वाच्यता होत नाही. मीही पन्नाशी ओलांडलेली, म्हणून हे ठाऊक. पण जिला जन्मापासूनच आवाज, उजेड, स्पर्श सोसत नाही, मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत, त्या स्वमग्न बाईचं या वयात काय होत असेल?

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांवर निबंध लिहिला. त्यांत ३ मुली होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षं स्वमग्नता हा लहान मुलांचाच विषय राहिला. मुली मोठ्या होतात, त्यांचीही पाळी जाते, याकडे लक्ष गेलं नाही.

आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. ते १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं. तोवर अशा अनेक मुली ‘मतिमंद’ किंवा ‘वेडसर’ म्हणूनच वाढल्या. मतिमंद म्हटल्या गेलेल्या स्त्रियांच्या शरीराचा निर्णय कसा होई, हे १९९४च्या फेब्रुवारीत दिसलं. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीतल्या स्वच्छतेचं कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळी वयानं जाणं वेगळं आणि शस्त्रानं थांबवणं वेगळं. पण ‘तिला काय वाटतं?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

तो प्रश्न ब्रिटनमध्ये रेचेल मोझली आणि सहकाऱ्यांनी विचारला. २०२०च्या त्यांच्या अभ्यासात ७ स्वमग्न व्यक्ती बोलत्या झाल्या. आवाज-उजेड आधीपेक्षा जास्त टोचू लागला, चारचौघांसारखं वागण्याचं सोंग निभेनासं झालं, मदत मागणंही अवघड झालं, असं त्यांनी सांगितलं.

गिरणीच्या घरघरीनं कानांवर हात ठेवून बसणारी बाई गावोगावी असते. ‘वयानं बिघडली’ म्हणून आपण तिला सोडून देतो. त्याऐवजी शांत जागी बसवून, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं: झोप लागते का? अंग तापतं का? पाळी गेली का? उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ घरच्यांनी, आशाताईंनी आणि डॉक्टरांनी तिला द्यावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)