चालकाचा थकवा ओळखणारी अंगावरची साधने

वाहन चालवणाऱ्या व्यक्तीचा थकवा किंवा झोपेची चाहूल तिच्या शरीरातील बदलांवरून ओळखून इशारा देणाऱ्या उपकरणांना परिधेय थकवासूचक साधने म्हणतात. मनगटी पट्टा, डोक्यावरची पट्टी आणि चष्मा ही त्यांची प्रमुख रूपे होत.

गोव्यात हा विषय पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना विशेष लागू पडतो. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमानसेवा सुरू झाली. तेथे विमाने चोवीस तास ये-जा करीत असल्याने टॅक्सी आणि बसचालकांना रात्रीचीही फेरी करावी लागते. डिचोलीतील साखळीहून केरीमार्गे बेळगावला जाणारी वाहने चोर्ला घाट चढतात. तेथे वळणे तीव्र आहेत आणि पावसाळ्यात दाट धुके असते.

जागरणाचा परिणाम

शरीराच्या दैनंदिन लयीनुसार झोपेची ओढ पहाटे २ ते ६ या काळात सर्वाधिक असते आणि दुपारी पुन्हा काही प्रमाणात जाणवते. सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी खालावते, असे ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात दाखवून दिले. भारतात चालकासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्यपानाची तपासणी नाक्यावर श्वासयंत्राने करता येते. जागरण मोजणारे तसे सोपे यंत्र नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या बसच्या चालकाला ४ सेकंद डुलकी लागली, तर बस तेवढ्यात सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते.

साधनांचे कार्य

मनगटी पट्टा हाताच्या हालचालींवरून झोपेचे तास आणि तिची प्रत ठरवतो. काही पट्टे प्रकाशाच्या साहाय्याने हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरही मोजतात. मागील काही दिवसांच्या झोपेवरून पुढील पाळीतील सतर्कतेचा अंदाज बांधता येत असल्याने या पट्ट्याचा खरा उपयोग गाडी सुरू होण्यापूर्वी होतो. डोक्यावरची पट्टी मेंदूतील विद्युत लहरी टिपते. ऑस्ट्रेलियातील खाणींत अवजड ट्रक चालवणाऱ्यांसाठी विकसित झालेली ‘स्मार्टकॅप’ या प्रकारची आहे. ‘ऑप्टअलर्ट’ हा चष्मा अवरक्त किरणांनी पापण्यांच्या उघडझापेचा वेग मोजतो. त्यामागे झोपतज्ज्ञ मरे जॉन्स यांचे संशोधन आहे. मान कलल्यावर वाजणारी कानामागची साधने स्वस्त असतात. मात्र मान कलते तेव्हा चालकाला बहुधा डुलकी लागलेली असते.

अंगावरच्या साधनांना मर्यादाही आहेत. खडबडीत रस्त्यावरील हादरे आणि सैल बसलेला पट्टा यांमुळे नोंदी बिघडतात. दमट हवेत डोक्यावरची पट्टी तासन्‌तास वागवणे त्रासाचे ठरते. म्हणून अनेक ठिकाणी वाहनातच बसवलेल्या यंत्रणेला पसंती मिळते. युरोपीय संघाने ७ जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारी, बस आणि ट्रकमध्ये झोपेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे.

कायदा आणि गोव्यातील स्थिती

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन पाळ्यांमध्ये किमान ९ तासांचे अंतर, असे नियम घालून दिले. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. मूळ कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ ने कामाच्या तासांची मर्यादा वाहतूक वाहनावर नेमलेल्या चालकांनाही लागू केली.

१९८० मध्ये स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळात पाळीपत्रक असते. थकलेल्या चालकाच्या जागी दुसरा देण्याची व्यवस्था तेथे उभारता येते. एक-दोन गाड्यांच्या खासगी बसमालकाकडे किंवा स्वतःची टॅक्सी चालवणाऱ्याकडे बदली चालक सहसा नसतो. विमानतळावरची फेरी सोडली, तर त्या दिवसाची मिळकत जाते. अशा चालकाच्या मनगटावरील पट्ट्याने पहाटे तीन वाजता इशारा दिला, तरी तो गाडी थांबवीलच असे नाही.

नोंदींच्या मालकीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. झोप आणि हृदयगती ही व्यक्तिगत माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्यास मालकाला मुभा देतो. त्या नोंदींवरून दंड होणार किंवा काम जाणार असे वाटले, तर चालक पट्टा काढून ठेवतील. त्यामुळे साधने खरेदी करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरणे आवश्यक आहे: इशाऱ्यानंतर गाडी कोण नेणार, सोडलेल्या फेरीची भरपाई कोण देणार आणि नोंदी कोण पाहणार. मोपासारख्या ठिकाणी चालकांसाठी निजण्याची स्वच्छ, सुरक्षित जागाही तितकीच गरजेची आहे. कारण झोपेची उणीव झोपेनेच भरून निघते.