पाण्याकाठचं बीड

महाशिवरात्रीच्या दिवशी बीड शहराचा पूर्व भाग पहाटेपासून जागा असतो. बेलाची पानं, पांढरी फुलं, कवठं, रताळी आणि खजूर घेऊन विक्रेते रस्त्याच्या कडेला बसतात, आणि त्यांच्यामधून वाट काढत माणसांची रांग एका दगडी कुंडाकडे सरकते. कुंडाच्या मधोमध काळ्या पाषाणाचं कनकालेश्वराचं मंदिर उभं आहे. देवाला जायचं तर पाण्यामधल्या वाटेवरूनच जावं लागतं. दर्शन झालं तरी लोक लगेच परतत नाहीत, काठावर टेकतात. मुलं पाळण्यांकडे पळतात, म्हातारी माणसं पाण्याकडे तोंड करून बसतात, आणि उपवासाचं काहीबाही तिथंच खाल्लं जातं. ‘वॉटरफ्रंट’ हा शब्द शहर नियोजनाच्या अहवालांत येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून बीडकर हेच करत आले आहेत.

हे मंदिर कुणी बांधलं, ते सांगणारा लेख मिळालेला नाही. काही अभ्यासक ते कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात नेतात, तर काही देवगिरीच्या यादवांच्या, त्यातही सिंघण राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १२१० ते १२४७ या काळात बसवतात. बाह्यभिंतींवर देवदेवतांबरोबर माणसांच्या मूर्ती आहेत, आणि सुरसुंदरींच्या अंगातला डौल इतक्या शतकांच्या ऊन-पावसानंतरही नजरेत भरतो. त्या काळच्या मंदिरांत सभामंडपाच्या मध्यभागी गोल रंगशिला असायची. देवापुढचं गाणं आणि नाच तिथं व्हायचे. मंदिर म्हणजे पूजेची जागा, तसंच गावाचं सभागृहही. बीडच्या मंदिरात त्याला पाण्याची जोड मिळाली.

पाण्यात मंदिर बांधण्यामागे कोणता विचार होता, हे नेमकं सांगणं अवघड आहे. पण त्याचा परिणाम दिसतो. कुंड स्वच्छ असेल तरच मंदिर शोभतं, आणि मंदिरात माणसं येत असतील तरच कुंडाची काळजी घेतली जाते. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. बीडच्या बाकीच्या पाण्यांचा इतिहास वाचताना हे नातं पुन्हा पुन्हा आठवतं, कारण बहुतेक ठिकाणी ते तुटलेलं आहे.

बीड जिल्ह्यात पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आत आहे. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्हा आडवा कापतात आणि त्यांच्या उतारावरून निघालेली बिंदुसरा शहराला दोन भागांत विभागत पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा गोदावरीला जाते. बिंदुसरा बारमाही नदी नाही. पावसाळ्यात ती धावते, हिवाळ्यात मंदावते आणि उन्हाळ्यात वाळूखाली जाते. अशा प्रदेशात पाण्याची प्रत्येक जागा कुणीतरी विचारपूर्वक घडवावी लागते.

असं घडवलेलं सर्वांत विलक्षण पाणी शहराच्या दक्षिणेला, सोलापूरच्या रस्त्यालगत आहे. ती खजाना विहीर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीड अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. मुर्तजा निजामशाहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानानं ही विहीर बांधवली आणि तिची आखणी राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं केली, अशी नोंद सांगितली जाते. जमिनीखालून बांधून काढलेल्या मार्गांनी पाणी विहिरीत येतं, आणि आणखी एका मार्गानं उतारावरच्या शेतांकडे जातं. मोट नाही, रहाट नाही, उपसा नाही. जमिनीचा उतार अचूक मापून तेवढ्यावर सगळं चालवलेलं. बलगुजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनींना या पाण्यानं पिढ्यान् पिढ्या भिजवलं. विहिरीच्या कामात सारा खजिना जमिनीत गेला, म्हणून हे नाव पडलं असं बीडमध्ये सांगतात. कथा खरी असो वा नसो, लोकांनी या विहिरीची किंमत केवढी ठरवली होती, ते त्यातून कळतं.

सलाबतखानाचं नाव शहरातल्या गंज या पेठेशी आणि कारंजाशीही जोडलं जातं. कारंजा आज बीडमध्ये एका भागाचं नाव आहे. भाजी घ्यायला, कपडे शिवायला, दवाखान्यात जायला माणसं ‘कारंजाला’ जातात. शहराच्या भर वस्तीत खेळतं पाणी असावं, त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा असावी, हा विचार त्या काळी बीडसारख्या ठाण्यापर्यंत पोचला होता. तो कुठून आला, हेही दिसतं. त्याच काळात, त्याच दरबारानं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, फराहबाग पुरी केली. १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल मोठ्या तलावाच्या मधोमध बांधला होता. बीडमध्ये शतकांपूर्वी देवासाठी जे केलं होतं, ते नगरच्या सुलतानानं स्वतःच्या विश्रांतीसाठी केलं. दोन्हीकडे भोवतीचं पाणी हा वास्तूचाच भाग होता. दोन धर्म आणि दोन हेतू इथं एकाच रचनेपाशी येतात, ही दख्खनच्या वास्तुकलेतली फार सुंदर गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

पुढच्या शतकांत बीड मोगलांकडे आणि मग हैदराबादच्या निजामाकडे गेलं. सरदार निंबाळकरांच्या नावाशी जोडलेलं खंडोबाचं मंदिर आणि त्यापुढच्या दोन उंच दीपमाळा पूर्वेच्या टेकडीवर उभ्या राहिल्या. त्याच बाजूच्या टेकड्यांवर शहिंशाहवलींचा दर्गाही आहे. सण, उरूस आणि जत्रा यांचं वर्ष भरलेलं होतं. नदी मात्र रोजच्या कामाची राहिली: धुणं, गुरं, पाणी भरणं आणि पलीकडच्या पेठेत जाणं. जुनं शहर आणि पेठ बीड यांना जोडणारा दगडी पूल हीच नदीची मुख्य खूण होती.

१९५० च्या दशकात शहराच्या वरच्या अंगाला पालीजवळ बिंदुसरेवर धरण झालं. धरणानं शहराला पाणी दिलं, आणि त्याबरोबर बीडकरांना एक नवा उत्सवही मिळाला, जो कुणी ठरवून सुरू केलेला नाही. पाऊस चांगला झाला, धरण भरलं आणि सांडव्यावरून पाणी सुटलं की बातमी वाऱ्यासारखी शहरात पसरते, आणि लोक ‘चादर’ बघायला निघतात. पाण्याचा एकसंध पांढरा पडदा सांडव्यावरून खाली येतो, तीच ही चादर. दुचाकीवर तिघंतिघं, रिक्षा भरून बायका-पोरं, कणसं आणि भजी विकणारे, महामार्गाच्या कडेला लागलेल्या गाड्या. काही वर्षं चादर पडतच नाही, त्यामुळं ती पडते तेव्हा कौतुक अधिक. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला वाहतं पाणी बघण्यात जो आनंद होतो, तो नळाला चोवीस तास पाणी असलेल्या शहराला समजणं कठीण आहे.

धरणाच्या खाली, शहरात शिरल्यावर, हीच नदी वेगळी होते. तिच्यात सांडपाणी उतरतं, काठ आवळत जातात, पात्रात कचरा पडतो. नदीची खरी रुंदी किती होती, हे १९८९ च्या जुलैत तिनं स्वतःच दाखवलं. त्या महापुरात काठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, माणसं गेली, संसार वाहून गेले. बीडमधल्या एका अख्ख्या पिढीसाठी ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी काळाची वाटणी झाली. त्यानंतर काठावर बसायला जाण्याची जागा म्हणून नदीकडे कोण बघणार? पात्र साफ करण्याच्या मोहिमा शहरानं अधूनमधून पाहिल्या. पण मोहीम संपते आणि नाले वाहतच राहतात.

आता नदीकाठ सुशोभित करण्याचं स्वप्न देशातली अनेक शहरं पाहत आहेत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे साबरमती असते. अहमदाबादनं १९९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, २००५ मध्ये काम सुरू केलं आणि २०१२ पासून काठ लोकांसाठी खुला होऊ लागला. दोन्ही बाजूंना सुमारे अकरा किलोमीटरचे फरसबंद रस्ते, बागा, पतंगोत्सव, फुलांची प्रदर्शनं. हजारो लोक रोज तिथं फिरतात, हे मोठं यश आहे. पण बीडनं त्यातल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली, तिथलं पाणी बरंचसं नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे आणि वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं आहे. दुसरी, काठ बांधण्यापूर्वी साबरमतीचं कोरडं पात्र ओस नव्हतं. तिथं भाजीपाल्याचे मळे होते, सर्कशी उतरायच्या, दर रविवारी गुजरी बाजार भरायचा. दहा हजारांहून अधिक कुटुंबांना काठावरून हलवावं लागलं. पाण्याच्या बाबतीत सोलमध्येही तेच दिसतं. २००५ मध्ये उड्डाणमार्ग पाडून मोकळा केलेला चोंगेचॉन ओढा जगभर वाखाणला गेला, पण त्यातलं बरंचसं पाणी पंपांनी आणलेलं आहे.

बीडला नर्मदा नाही. बालाघाटच्या माथ्यावर पंपानं पाणी चढवून नदी बारमाही दाखवण्याचा खर्च या जिल्ह्याला परवडणारा नाही, आणि ऊसतोडीला दरवर्षी घर सोडणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात तो शोभणाराही नाही. बिंदुसरेचा काठ घडवायचा तर ती वर्षातले काही महिनेच वाहते, हे मान्य करून घडवावा लागेल.

त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी जाते, आणि तिच्या काठी माणसांनी ऋतू आणि तिथी पाहून एकत्र येण्याची रीत शेकडो वर्षं जपली आहे. माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला अधिक महिन्यात गर्दी लोटते. गाव एरवी लहान. पण दर अडीच-तीन वर्षांनी महिनाभर तिथं गोदेचं स्नान, पुरुषोत्तमाचं दर्शन आणि धोंड्यांचा नैवेद्य यांसाठी अख्ख्या मराठवाड्यातून माणसं येतात. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे १३१० चा ताम्रपट याच गावाशी जोडलेला आहे. त्याचा पुरुषोत्तम नावाचा मंत्री आणि त्याला मिळालेलं दान यांची त्यात नोंद आहे. सिंदफणा-गोदावरीच्या संगमावरचं मंजरथ, महानुभावांचं आत्मतीर्थ असलेलं पांचाळेश्वर, शनीचं राक्षसभुवन, ही सगळी नदीकाठची ठिकाणं. राक्षसभुवनच्या याच परिसरात १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पुरात देवळांना पाण्याचा वेढा पडतो, उन्हाळ्यात पायऱ्या उघड्या पडतात, आणि भाविक दोन्ही परिस्थितींत येतात. १९७६ मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झाल्यानंतर काठाला किती पाणी असेल, हे त्याच्या दरवाजांवर ठरू लागलं. तरी जत्रा थांबल्या नाहीत, कारण त्या पाण्याच्या खोलीवर नाही, पंचांगावर चालतात.

शहरातही हीच रीत नव्यानं उगवताना दिसते. कनकालेश्वराच्या परिसरात कनकालेश्वर महोत्सव भरू लागला आहे. गायन-नृत्य पुन्हा त्या पाण्याजवळ आलं आहे. १९७५ पासून खजुराहोत नृत्यमहोत्सव होतो आणि त्यातून त्या गावाला जगाच्या नकाशावर वेगळी जागा मिळाली. बीडचं रंगपीठ लहान आहे, पण पाण्यात पडणारं दिव्यांचं आणि मूर्तींचं प्रतिबिंब खजुराहोकडेही नाही. राज्यभरात बारवा साफ करणाऱ्या तरुणांनी महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावण्याची प्रथा सुरू केली आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली आणि ती बघायला आता लांबून लोक येतात. आधी फावडी, मग दिवे, हा क्रम त्यांनी बरोबर लावला.

बिंदुसरेसाठीही तोच क्रम हवा. नाले वळवून सांडपाणी शुद्ध करणं हे पहिलं काम, आणि सर्वांत जास्त पैसा तिथंच लागेल. १९८९ चं पाणी जिथपर्यंत चढलं, तिथपर्यंतची जागा पक्क्या बांधकामाशिवाय नदीला ठेवावी. तिथं मैदानं, झाडं, कुस्तीचा हौद, बाजाराचे ओटे असू शकतात. पूर आला तर काही बिघडणार नाही आणि उन्हाळ्यात माणसं वापरतील. खजाना विहिरीचे भूमिगत मार्ग मोजून, त्यांच्यावरचं बांधकाम रोखून ते वाहते ठेवावेत. शाळांच्या सहली तिथं नेऊन मुलांना उतार आणि पातळी यांचं गणित प्रत्यक्ष दाखवता येईल. आणि पालीला चादर पडते त्या दिवसांसाठी गाड्या उभ्या करायला महामार्गापासून दूर जागा, घसरणार नाहीत अशा पायऱ्या, काठाला कठडा, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि शहरातून जादा एसटी एवढी सोय पावसाळ्यापूर्वी व्हावी. गर्दी जमवण्यासाठी तिथं वेगळा कार्यक्रम आखावा लागणार नाही.