शरद ऋतूत पहिली ते तिसरीच्या वर्गात काय करता येईल? परिसरातून शिकवणारे सहा उपक्रम

सोशल मीडियावर 'ऑटम अ‍ॅक्टिव्हिटी' शोधलं की लाल-नारिंगी मेपलची पानं, मोठे भोपळे आणि खारी दिसतात. तीच चित्रं छापून वर्गात रंगवायला दिली जातात. शरद म्हणजे पानगळ, असं मग मुलांच्या डोक्यात बसतं. महाराष्ट्रात तसं नसतं.

थंड देशांत हिवाळ्याआधी पानांतलं हरितद्रव्य नष्ट होतं आणि आधीपासून असलेले पिवळे-नारिंगी रंग उघडे पडतात. आपल्याकडची बरीचशी पानगळ शिशिरात होते. अश्विन-कार्तिक म्हणजे आपला शरद. पाऊस ओसरतो, आकाश निवळतं, शेतात भात पिकतो, सोयाबीन काढणीला येतं, रानात बिया तयार होतात आणि दुपारी 'ऑक्टोबर हीट' जाणवते. वर्गासाठी यातच भरपूर साहित्य आहे.

१. बियांचा प्रवास

तेरड्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फुटतात आणि बिया उडवतात. आघाड्याची फळं कपड्यांना चिकटतात. एकदांडीची बी केसांच्या छत्रीवर वाऱ्याने तरंगते. शाळेच्या आवारात फेरी मारून मुलांनी बिया गोळा कराव्यात आणि तीन गट करावेत: फुटणाऱ्या, चिकटणाऱ्या, उडणाऱ्या. 'झाडाला पाय नसतात, मग ते दुसऱ्या जागी कसं पोचतं?' हा प्रश्न आधी विचारावा, उत्तर मुलांनाच शोधू द्यावं.

२. झेंडूचं गणित

झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर अनेक लहान फुलांचा गुच्छ. सुकलेलं फूल उकललं की काळ्या, काडीसारख्या बिया मिळतात. दहा-दहा बियांच्या पुड्या बांधल्या की दशक आणि एकक हातात येतात. दोन झेंडू, एक आंब्याचं पान, पुन्हा दोन झेंडू, असं तोरण केलं की आकृतिबंध शिकून होतो. तोरणात पुढे काय येईल, हे मुलांनी आधी सांगायचं.

३. आपट्याच्या पानाची घडी

आपट्याचं पान मधोमध दुमडलं की दोन्ही भाग जवळजवळ जुळतात. सममिती समजावण्यासाठी याहून सोपं साधन नाही. दसऱ्याला आपटा म्हणून अनेकदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. दोन्ही पानांचा आकार सारखा असला तरी आपट्याचं पान सहसा लहान आणि जाडसर असतं. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला सांगावं. एका गटाला एकच पान पुरतं. बाकीची पानं मुलांनी कागदाची कापावीत, म्हणजे झाड ओरबाडलं जात नाही.

४. भोंडला

भोंडल्याच्या अनेक गाण्यांत एकेक गोष्ट वाढत जाते. त्यामुळे क्रम लक्षात ठेवण्याचा आणि ऐकण्याचा सराव होतो. खिरापत ओळखताना मुलं 'गोड की तिखट?', 'ओली की कोरडी?' असे प्रश्न विचारतात. नेमका प्रश्न कसा विचारायचा, ते इथे शिकता येतं. फेरात मुलगेही असावेत.

५. वाढणारा चंद्र, लांबणारी सावली

घटस्थापना अश्विन शुद्ध प्रतिपदेला असते आणि कोजागरी पौर्णिमेला. म्हणजे या पंधरवड्यात चंद्र रोज मोठा होत जातो. मुलांनी घरी संध्याकाळी चंद्राचं चित्र काढून सकाळी वर्गात लावावं. ढग असतील तर ढग काढावेत. न दिसलेला चंद्र काढायचा नाही, हाही निरीक्षणाचा धडा आहे.

सावलीसाठी मैदानात १ मीटरची काठी सरळ रोवावी आणि आठवड्यातून एकदा दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सावली मोजावी. पुण्यात ती २३ सप्टेंबरच्या सुमारास साधारण ३३ सेंटिमीटर, तर महिन्याभराने साधारण ५८ सेंटिमीटर भरते. सूर्य दक्षिणेकडे सरकतो, म्हणून ती लांबते. पहिलीच्या मुलांनी सुतळीने किंवा वितीने मोजलं तरी चालतं.

६. मातीचा किल्ला

दिवाळीतल्या किल्ल्यासाठी आधी कागदावर नकाशा काढावा: दरवाजा कुठे, तळं कुठे, वाट कुठून? उतारावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहावं. अळीव किंवा मोहरी पेरली की काही दिवसांतच हिरवळ उगवते. तिची उंची रोज नोंदवता येते. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. भिंतीवरच्या नकाशात ते शोधता येतील.

काय सांभाळायचं?

कण्हेर आणि गुंज विषारी आहेत, त्यांना हात लावू देऊ नये. बारीक बिया नाका-तोंडात जाणार नाहीत, याकडे लक्ष ठेवावं. गवताच्या कुसळांपासून डोळे जपावेत. फेरी सकाळी काढावी, आधी शिक्षकांनी जागा पाहून घ्यावी आणि परतल्यावर सर्वांनी हात धुवावेत.

याचा अभ्यासाशी काय संबंध?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. पाठ केलेले आकडे विसरतात, स्वतः बांधलेल्या दहाच्या पुड्या सहसा विसरत नाहीत. मात्र नुसती मजा करून थांबू नये. प्रत्येक उपक्रमानंतर मुलाने एक चित्र काढावं, एक आकडा लिहावा आणि एक वाक्य लिहावं किंवा सांगावं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हीच पानं समोर ठेवली, की कोणाला काय समजलं आणि कोणाला अजून मदत हवी आहे, हे शिक्षकांना आणि पालकांनाही दिसतं.