पाण्याची पारख : नाल्यातील झिऱ्यापासून गावातील तपासणी-संचापर्यंत

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या एका कडेने वर्धा वाहते, तर दक्षिण सीमेवरून पैनगंगा. बेंबळा, अडाण, अरुणावती या नद्या जिल्ह्याच्या पोटातून जातात. तरीही उन्हाळ्यात कोरड्या नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने घागर भरणे, हा येथील अनेक वस्त्यांचा पिढीजात अनुभव आहे. त्या घागरीतील पाणी पिण्याजोगे आहे, हे ठरवीत कोण असे?

२/ पारख घरातल्या बायाच करीत. पाणी नितळ आहे का, चवीला गोड आहे का, त्यात डाळ शिजते का, या त्यांच्या कसोट्या. त्यातली शेवटची तर शास्त्रशुद्धच होती, कारण जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. मात्र नितळ पाण्यातील रोगजंतू या कसोट्यांना दिसत नव्हते.

३/ १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला आणि तो तेथील तलावाच्या पाण्यातही दाखवून दिला. पुढे आग्र्याचे जीवाणूशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. कालांतराने या ‘लाल दव्या’ची जागा गावोगावी ब्लिचिंग पावडरने घेतली. ग्रामपंचायतीत तिला ‘टीसीएल’ म्हणतात.

४/ उघड्या पाण्याचा दुसरा शाप म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरत आणि त्यांच्या पायांतून जंताची अळी पाण्यात जाई. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. या यशात बंदिस्त जलस्रोतांचा, म्हणजेच हातपंपाचा, वाटा मोठा होता.

५/ १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींना वेग आला. त्याच दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा दणकट हातपंप तयार झाला. त्याची मुळे जालना आणि सोलापूर येथे घडविलेल्या पंपांत आहेत. उघड्या नाल्याऐवजी खडकाखालचे पाणी म्हणजे आरोग्याची हमी, अशी त्या काळाची श्रद्धा होती आणि जंतूंपुरती ती बरीचशी खरीही होती.

६/ पण खडकालाही स्वतःचे रसायन असते. पाणी जितके खोल आणि जितका दीर्घकाळ खडकात मुरते, तितकी खनिजे त्यात उतरतात. त्यांपैकी एक फ्लोराइड. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

७/ भारतात फ्लोरोसिसची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातून प्रसिद्ध झाली. लहानपणी असे पाणी प्यायल्यास दातांवर कायमचे डाग पडतात. वर्षानुवर्षे प्यायल्यास सांधे आखडतात, पाठ वाकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे.

८/ यवतमाळच्या पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड असल्याचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा केळापूर तालुका, कोलाम आणि गोंड वस्त्यांचा मुलूख. ज्या हातपंपाने पटकीची धास्ती कमी केली, त्याच्याच पाण्याची आता वेगळी तपासणी आवश्यक ठरली.

९/ उपायाचा शोध शेजारच्या नागपुरातच सुरू होता. १९५८ साली स्थापन झालेल्या, आज ‘नीरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पण कोणत्या पाण्यावर उपाय करायचा हे कळण्यासाठी आधी तपासणी हवी, आणि प्रयोगशाळा तर जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी.

१०/ हे अंतर तोडणारा एक टप्पा १९८२ चा. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य व राव यांनी एक साधी बाटली सुचविली. तिच्यात पाणी भरून उबेत ठेवायचे. ते काळे पडले, तर त्यात मैल्याचा अंश असल्याचा संशय घ्यायचा. सूक्ष्मदर्शक नको, पदवी नको. केवळ डोळे आणि एका दिवसाचा धीर पुरे.

११/ महाराष्ट्रात ‘जलसुरक्षक’ नमुने गोळा करतो. पाहणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते. २०१९ च्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी-संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. नळीत पाणी, त्यात काही थेंब, मग रंग तक्त्याशी जुळवायचा. डाळ शिजवून पाणी ओळखणाऱ्या बाईच्या हाती पारख अशी नव्या रूपात परतली.

१२/ संचाचा निकाल हा इशारा असतो, अंतिम निवाडा प्रयोगशाळेचा. शिवाय एकदाच तपासून भागत नाही. पावसाळ्यानंतर जंतूंची भीती अधिक, तर उन्हाळ्यात पातळी खालावली की क्षारांचे प्रमाण बदलते. म्हणून नोंदवही सातत्याने भरावी लागते.

१३/ आणि खरा प्रश्न नोंदीनंतरचा. हातपंपावर लाल खूण करता येते, पण गावात दुसरा स्रोत नसेल तर त्याच हातपंपावर पुन्हा घागर लागते. तपासणीने तहान भागत नाही. तथापि ‘आमचे पाणी दूषित आहे’ ही तक्रार आणि ‘या स्रोतात, या तारखेला, इतके फ्लोराइड आढळले’ ही नोंद यांत मोठा फरक आहे. तक्रार झटकून टाकता येते, तारीखवार नोंदीला मात्र उत्तर द्यावे लागते.