सेसिलियनहोफ : जर्मनीतील ‘इंग्रजी’ राजवाडा आणि त्याचे रहिवासी

पॉट्सडॅमच्या नॉयर गार्टन उद्यानातील सेसिलियनहोफ हा होहेनझोलर्न घराण्याने बांधलेला अखेरचा राजवाडा. कैसर दुसरा विल्हेल्म याने थोरला मुलगा युवराज विल्हेल्म आणि स्नुषा सेसिली यांच्यासाठी तो बांधविला. वास्तुविशारद पाउल शुल्ट्झे-नाउम्बुर्ग यांनी इंग्लंडमधील ट्यूडर शैलीच्या ग्रामीण वाड्यांचा नमुना समोर ठेवला होता : दर्शनी लाकडी चौकटीच्या भिंती, उतरती छपरे, आतले चौक आणि एकमेकींशी न जुळणारी ५५ धुराडी. खोल्या १७६ असल्या तरी बाहेरून हा विस्तार जाणवत नाही. कैसरची आई राणी व्हिक्टोरियाची कन्या असल्याने इंग्रजी अभिरुची या घरात परकी नव्हती. मात्र बांधकाम चालले १९१४ ते १९१७ या काळात, म्हणजे इंग्लंडशी युद्ध पेटलेले असताना!

१९१८ मध्ये राजेशाही संपली. युवराज नेदरलँड्समध्ये गेला आणि १९२३ मध्ये परतला. १९२६ च्या समझोत्याने राजवाडा प्रशिया राज्याच्या मालकीचा झाला; घराण्याकडे तीन पिढ्यांपुरता निवासाचा हक्क उरला. १९४५ च्या आरंभी सोव्हिएत फौजा जवळ येताच युवराज आणि सेसिली दोघांनीही पॉट्सडॅम सोडले.

त्याच वर्षी १७ जुलै ते २ ऑगस्ट या काळात येथे विजेत्यांची परिषद भरली. सेसिलीची लेखनाची खोली स्टालिनच्या वाट्याला आली, युवराजाची धूम्रपानाची खोली ट्रुमनच्या, तर ग्रंथालय चर्चिलच्या. निवडणुकीत पराभव झाल्याने चर्चिलची जागा मध्येच ॲटलीने घेतली. पुढे १९६१ मध्ये राजवाडा आणि युंगफर्नझे सरोवर यांच्यामध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली.

निवासहक्काचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. घराण्याचे विद्यमान प्रमुख गेओर्ग फ्रीडरिश यांनी सेसिलियनहोफसह काही वास्तूंत राहण्याचा हक्क मागितल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि जर्मनीत वादळ उठले. आपल्याकडील संस्थानिकांच्या तनख्यांचा वाद आठवावा, असाच हा प्रकार. पण येथे कळीचा मुद्दा वेगळा होता. १९९४ च्या कायद्यानुसार, नाझी राजवटीला ‘लक्षणीय साहाय्य’ करणाऱ्यांच्या वारसांना सोव्हिएत काळातील जप्तीची भरपाई मिळत नाही. युवराजाने १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हिटलरला जाहीर पाठिंबा दिला होता. तेवढ्याने ते ‘लक्षणीय’ ठरते का, यावर इतिहासकारांची दोन तट पडले. न्यायालयाचा निवाडा होण्यापूर्वीच, २०२३ मध्ये, घराण्याने भरपाईचे दावे मागे घेतले.