पुसलं, पण कुणाला कळलं? : वेअर लेव्हलिंग आणि ट्रिमची गोष्ट

मागच्या वेळी आपण हार्ड डिस्कपाशी थांबलो होतो. आज फ्लॅश मेमरीकडे वळू.

१९८४ साली तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती जगापुढे मांडली. १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याचं. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तशी माहिती एका झटक्यात पुसली जाते, म्हणून. पण अडचणही तिथेच आहे. लिहायचं पानापानानं, पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक. आणि दर पुसण्यागणिक पेशीतला इन्सुलेशनचा थर झिजतो. पेशीत एकच बिट ठेवणारी मेमरी साधारण १,००,००० वेळा पुसता येई. तीन बिट ठेवायला लागल्यावर हा आकडा हजारांवर आला.

पहिला उपाय वेअर लेव्हलिंग. काही ब्लॉकांनी राबून मरायचं आणि बाकीच्यांनी बसून राहायचं, असं होऊ द्यायचं नाही. कंट्रोलर पत्त्यांचा नकाशा ठेवतो आणि नवं लिखाण कमी झिजलेल्या ब्लॉककडे पाठवतो.

पण त्याला एक गोष्ट कळतच नव्हती. आपण फाइल डिलीट केली, की ऑपरेटिंग सिस्टिम फक्त आपल्या वहीतली नोंद खोडायची. हार्ड डिस्कचं त्यानं काही अडत नव्हतं. त्याच जागी नवं लिहिलं की झालं. एसएसडी मात्र ती मेलेली माहिती जिवंत समजून ब्लॉकाब्लॉकांतून वाहत राहायची. म्हणजे आपण लिहिणार थोडं, आत लिहिलं जाणार जास्त. वेगही घटायचा, आयुष्यही.

ट्रिम म्हणजे एवढाच निरोप: 'ही जागा आता नको.' ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ नं, २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३३ कर्नेलनं तो पाठवायला सुरुवात केली. ऐकणाराही तयार हवा होता: इंटेलच्या एक्स२५-एम ड्राइव्हच्या दुसऱ्या पिढीला ट्रिम मिळाला, २००८ च्या पहिल्या पिढीला कधीच नाही.

याची किंमतही आहे बरं का. हार्ड डिस्कवरून चुकून उडालेली फाइल पुष्कळदा परत मिळायची, कारण खोडलेली असायची ती फक्त नोंद. ट्रिमनंतर ती आशा जवळपास संपते. ड्राइव्हचं आयुष्य वाढलं, आपल्या चुकीला मिळणारी सवलत गेली. तेव्हा बॅकअप दुसरीकडे ठेवायचा, हे आता आपलं काम.